नदीकडे तोंड असलेली पेटी

दीपनगरच्या कॉलनीत वाढलेल्या मुलीला विजेची भीती वाटावी, याचं शेजारच्या बायकांना हसू यायचं. चारुलताचे वडील लीलाधर वीज केंद्रात मोटारींच्या विभागात कामाला होते. ड्युटीवरून आले की कॉलनीतले जळालेले पंखे आणि मिक्सर उघडून बसत. तांब्याच्या तारेचे वेढे मोजायचं काम चारुलताकडे असे आणि तिची मोजणी कधी चुकत नसे. पण पंख्यातला कंडेन्सर काढायची वेळ आली की ती हात पाठीमागे घ्यायची. सातवीत असताना तिला त्याचा झटका बसला होता. पंख्याची तार सुटी होती, घरातला मेन स्विच बंद होता आणि तरीही बोटांपासून खांद्यापर्यंत कोणीतरी सुरी ओढावी तसं झालं होतं.

"याच्या पोटात वीज उरते, बाई," वडील म्हणाले होते. "बाहेरून काही समजत नाही. म्हणून आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावायची, मग हात."

ती पुढे भुसावळला आयटीआय शिकली. हात तरबेज झाले, पण भीती होती तिथंच राहिली. रात्री गॅस बंद केलाय का ते ती तीनदा बघायची. झाळलेला प्रत्येक जोड ओढून पाहायची, पुन्हा ओढून पाहायची.

लग्न होऊन ती फैजपूरच्या पुढे, तापीकाठच्या एका गावात आली. सासरी केळीचे बाग. नवरा समाधान मोजकं बोलणारा, सासू प्रमिलाबाई माहेरच्या शिरपूरकडच्या, चाळीस वर्षं या गावात राहूनही बोली तिकडचीच. सुनेनं ओसरीवर झाळणी, मीटर आणि तारेची रिळं मांडली तेव्हा त्या म्हणाल्या, "हाई काय दुकान शे का घर?" पण महिन्याभरानं त्याच येणाऱ्याला पाणी देऊ लागल्या.

येणारे बहुतेक लग्नात आवाजाचं सामान लावणारे असत. सावद्याहून, रावेरहून फाटलेले स्पीकर घेऊन येत. चारुलताचं खास काम म्हणजे पेटीतला क्रॉसओव्हर, म्हणजे एक कॉइल, एक कंडेन्सर आणि दोन-चार जोड. नव्या माणसाला ती सोपं करून सांगायची. अँप्लिफायरकडून येणारी तार एकच असते, आणि पेटीत बसलेले असतात दोघं. मोठा स्पीकर जाड आवाजाचा, हॉर्न बारीक आवाजाचा. तारेतून दोन्ही आवाज मिसळून येतात. कॉइल जाड आवाज सोडते आणि बारीक अडवते, म्हणून ती मोठ्याच्या वाटेवर. कंडेन्सर बारीक सोडतो आणि जाड अडवतो, म्हणून तो हॉर्नच्या वाटेवर.

"म्हणजे निम्मं याला, निम्मं त्याला?" असं कोणी विचारलं की ती मान हलवायची.

"तसं नाही हो भाऊ. दोघांच्या दारावर जोर सारखाच येतो. ज्याचं दार ज्या आवाजाला उघडं, तो तेवढा ओढतो. गाण्यात बहुतेक ताकद जाड आवाजात असते, ती मोठा खातो. हॉर्नच्या वाट्याला थोडीच येते, आणि त्याला पेलवते पण तेवढीच. त्याचा पडदा कागदाहून पातळ असतो."

दोन वर्षांपूर्वी नदीला अचानक पाणी आलं आणि एका शेतकऱ्याची बैलजोडी वाहून गेली. तेव्हा गावानं ठरवलं की वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की नदीकडच्या लोकांना सांगायची काहीतरी सोय पाहिजे. गल्ल्यांतल्या खांबांवर लहान पेट्या होत्याच. त्यांचा आवाज घरांच्या पलीकडे जात नव्हता. मग मंदिराच्या सभामंडपाच्या गच्चीवर, नदीकडे तोंड करून एक मोठी पेटी लोखंडी चौकटीत बसवली. ती चारुलतानं बांधली. पहिल्या दिवशी पोलीस पाटील तोतारामआबा माइकवर बोलले तेव्हा पाऊण किलोमीटरवरच्या बेटावरून बायकांनी पदर हलवून दाखवला होता. बेट म्हणजे पात्रातला उंचवटा. मधे गुडघाभर पाण्याची एक धार, पलीकडे गवत आणि बाभळी.

या वर्षी गणपतीच्या आधी त्या पेटीचा हॉर्न चिरकू लागला. चारुलतानं उघडून पाहिलं तर कंडेन्सर कमकुवत झालेला. योग्य मापाचा हाताशी नव्हता, जळगावहून मागवायला हवा होता. तिनं एका जुन्या अँप्लिफायरमधला काढून तात्पुरता लावला. तो इतका जोर सोसणारा नाही हे तिला ठाऊक होतं. "आठ दिवसांत बदलते," असं ती आबांना म्हणाली.

आठ दिवसांत विसर्जन आलं. मंडळाच्या पोरांनी तीच पेटी गच्चीवरच मिरवणुकीच्या अँप्लिफायरला जोडली आणि दुपारभर कान फाटेल एवढी वाजवली. अँप्लिफायर आपल्या ताकदीबाहेर गेला की आवाज कुरतडल्यासारखा होतो, आणि त्या कुरतडण्यात बारीक आवाज भरमसाट असतो. तो सगळा हॉर्नच्या दारावर येतो. ओसरीवर बसून चारुलताला ते ऐकू येत होतं. एका क्षणी वरचा आवाज कापल्यासारखा गेला. खाली फक्त धम् धम् राहिलं. नाचणाऱ्यांना काही कळलं नाही.

तिला कळलं होतं. तरी ती दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. उघडलं की आपलाच जोड, आपलाच कंडेन्सर जळालेला दिसणार, आणि गावाला सांगावं लागणार. नवा कंडेन्सर जळगावहून निघालाय, तो आला की गुपचूप बसवू, असं तिनं स्वतःला समजावलं. पण भांडी घासताना, पोळी लाटताना तिचे कान गच्चीकडे लागलेले असायचे.

चौथ्या दिवशी दुपारी स्वच्छ ऊन पडलं होतं. गावात आठवडाभर पाऊस नव्हता. समाधान आणि दोन शेजारी नदीवर पंपाची मोटार वर ओढायला गेले होते. नदीकाठी चिखलात पडायला नको म्हणून समाधानचा फोन घरीच, फळीवर. चारुलता एका स्पीकरच्या कागदी कोनाला डिंक लावत होती, तेवढ्यात गच्चीवरच्या पेटीतून आवाज आला.

भूं... ऊं ऊं... आऊं... भूं.

तिचा हात जागीच थांबला. माणूस बोलत होता, एवढं समजत होतं. काय बोलत होता ते समजत नव्हतं. भिंतीच्या पलीकडून कोणी कण्हावं तसा आवाज. शब्दाला धार देणारे च, त, स, श सगळे गळून गेले होते. मग पुढच्या गल्लीतल्या लहान पेटीतून तेच बोलणं स्पष्ट आलं.

"धरणाचे सगळे दरवाजे उघडले आहेत. पाणी तासाभरात पोचेल. नदीपात्रात कोणी असेल तर लगेच वर या."

गावाला सगळं कळत होतं. नदीला काहीच कळत नव्हतं.

ती मंदिराकडे धावली. पायात चप्पल नाही, हातात डिंकाची काडी तशीच. सभामंडपात तोतारामआबा घसा ताणून माइकवर बोलत होते. तिनं त्यांचा दंड धरला, जे तिनं कधी केलं नसतं.

"आबा, थांबा. नदीवर काही जात नाहीये."

"काहून? आवाज तर दणकून येऊ राहिला."

"नुसती घरघर जातेय. शब्द जात नाहीत. हॉर्न बंद आहे."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. "कधीपासून?"

"विसर्जनापासून." ती खाली बघत म्हणाली. "मला माहीत होतं."

आबांनी माइक खाली ठेवला. ते एवढंच म्हणाले, "बेटावर बेबाबाई अन् चार बाया गवताले गेल्या. बन्सीलाल बकऱ्या घिसन तठीच हाये. अन् तुझा समाधान काठावर. मोटरसायकलवर माणूस पाठवला होता, नाल्याला पाणी फुगलंय, तो परत आला."

पाऊस नसताना नाला फुगला म्हणजे नदीचंच पाणी त्यात मागे शिरत होतं, नदी तासाभराच्या आधीच चढायला लागली होती.

चारुलताला उंचीची भीती होती. लोखंडी शिडीवर ती एरवी समाधान खाली धरायला असला तरच चढायची. त्या दिवशी कशी चढली ते तिला नंतर आठवत नव्हतं. वर पत्र्यासारखी तापलेली गच्ची, आणि समोर केळीच्या हिरव्या पट्ट्यापलीकडे नदी. अजून शांत दिसत होती. बेटावर रंगीत ठिपके होते. ठिपके वाकत होते, सरळ होत होते, पुन्हा वाकत होते. बायका गवतच कापत होत्या.

तिनं पेटीची पाठ उघडली. कंडेन्सर फुगून फुटला होता, एक पाय तुटून लोंबत होता. कॉइल शाबूत. आता हॉर्न. पडदा जळाला असेल तर सगळं संपलं. तिनं खालून घड्याळाचा सेल मागवला, हॉर्नच्या दोन टोकांना टेकवला. सेल दोनदा निसटला. तिसऱ्यांदा हॉर्नमधून बारीक 'टक्' असा आवाज आला. तिला रडूच आलं. पडदा जिवंत होता.

"मंग जोड ना डायरेक!" खालून आबा ओरडले. "मधलं काढून टाक!"

तार हातात होती. दोन टोकं पिळली की झालं असतं. पण कंडेन्सर नसेल तर जाड आवाजाचा सगळा भार त्या पातळ पडद्यावर येणार. आबांचा भारी आवाज, माइकवर फुंकर, एखादा धक्का, आणि पडदा दोन शब्दांत फाटणार. दुसरा पडदा गावात नव्हता.

"नाही, आबा! एकदाच बोलता येईल आणि मरेल तो!"

"मंग काय करतं? पाणी थांबतं का तुझ्यासाठी?"

ती खाली वाकली तेव्हा सभामंडपाच्या झरोक्यातून छताचे पंखे दिसले. चार पंखे. प्रत्येकाच्या दांड्यावरच्या वाटीत एक कंडेन्सर, अडीचच्या मापाचा. चार शेजारी शेजारी जोडले की मापांची बेरीज होते. दहा. हॉर्नला साधारण तेवढाच लागतो. आणि पंख्याचा कंडेन्सर दिवसरात्र घरची वीज सोसतो, त्याला या पेटीचं काय?

"पंखे बंद करा! मेन स्विच पाडा!" ती ओरडतच शिडी उतरली. "वाट्या खाली ओढा, मी कंडेन्सर काढते!"

मंडळातलाच स्वप्नील, ज्यानं विसर्जनाला आवाज वाढवला होता, तो टेबलावर टेबल ठेवून चढला. एकेका पंख्याची वाटी सरकवून त्यानं तारा दाखवल्या. चारुलतानं चाकूच्या पात्यानं प्रत्येक कंडेन्सरची टोकं एकमेकांना लावली. ठिणगी उडाली की तिच्या खांद्यापर्यंत तीच जुनी सणक जायची, झटका न बसताही. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याच्या तारा गंजल्या होत्या, त्या दातांनी सोलल्या.

मेन स्विच पुन्हा चालू करायला सांगून ती वर आली तेव्हा नदीचा रंग बदलला होता. वरच्या वळणावर पाणी तांबूस दिसत होतं, आणि बेटाच्या अलीकडची धार रुंद झाली होती. ठिपके अजून वाकत होते. काठावर पंपाजवळ तीन माणसं दोर ओढत होती. त्यांतला उंच कोण, हे तिला इतक्या लांबूनही कळत होतं.

झाळायला वेळ नव्हता. चारी कंडेन्सरची एकेक टोकं एकत्र पिळली, दुसरी टोकं एकत्र पिळली, आणि तो जुडगा हॉर्नच्या वाटेत घातला. मग तिनं मोठ्या स्पीकरची तार उपटून टाकली. त्याची घरघर शब्दांवर पांघरूण घालत होती, आणि अँप्लिफायरची ताकदही तोच खात होता. आता बारीक आवाज एकटाच, कोरा जाऊ दे.

"आबा, आवाज अर्ध्यावर घ्या. आणि तुम्ही नका बोलू, तुमचा आवाज जाड आहे. बारीक गळ्याचं कोणीतरी द्या!"

सभामंडपात जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. गर्दीतून प्रमिलाबाई पुढं आल्या. त्यांनी आयुष्यात माइक धरला नव्हता. तो त्यांनी लाटण्यासारखा मुठीत पकडला आणि त्यांचा टोकदार, घरात सगळ्यांना नकोसा होणारा आवाज गच्चीवरून सुटला.

"समाधान! ए समाधान! बठ्ठा वर या! पाणी यी राहिनं! बेबाबाई, गवत टाकी दे, पळ!"

चारुलता पेटीमागे कान लावून बसली होती. आवाज पत्र्यासारखा पातळ होता, पण प्रत्येक अक्षर उभं होतं. पिळलेला जोड तिनं बोटांत घट्ट धरून ठेवला. सुटला तर? प्रमिलाबाई पुन्हा म्हणाल्या. पुन्हा. काठावरची तीन माणसं थांबली. उंच माणसानं मान वळवली, दोर सोडला, आणि तिघंही चढाकडे पळाले. पाठीमागे मोटार घसरून पाण्यात गेली.

बेटावरचे ठिपके सरळ झाले. मग ते धारेकडे सरकू लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. धारेत शिरले तेव्हा अर्धे दिसेनासे झाले, म्हणजे पाणी कमरेला लागलं होतं. आणि मग एक ठिपका परत फिरला.

"कोण आहे ते?" चारुलता ओरडली. "परत का जातंय?"

प्रमिलाबाई घसा बसेपर्यंत हाका मारत राहिल्या. तांबडं पाणी बेटाच्या टोकावर चढलं. बाभळींच्या आड काही दिसेना. चारुलतानं डोळे मिटून घेतले. जोड मात्र सोडला नाही.

बेबाबाई बन्सीलालला घेऊन आली ती अर्ध्या तासानं, खालच्या अंगाला, शंभर पावलं वाहत जाऊन. त्याच्या धोतराचं टोक तिनं मनगटाला गुंडाळलं होतं. दोघांच्या तोंडात चिखल होता. बकऱ्या गेल्या, दोन तेवढ्या काठाला लागल्या. माणूस एकही गेलं नाही. समाधान सभामंडपात आला, चिखलानं भरलेला, आणि शिडीखाली उभा राहून म्हणाला, "उतर आता. मी धरलीये." ती उतरली आणि खालच्या पायरीवरच बसली.

गावानं तिचं कौतुक केलं. ते तिला सोसवेना. दुसऱ्या दिवशी तिनं आबांना आणि मंडळाच्या पोरांना बोलावून तात्पुरत्या कंडेन्सरची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. स्वप्नील म्हणाला, आवाज आम्ही वाढवला होता. आबा म्हणाले, मीबी विचारलं नाही. तिच्या मनावरचा भार त्यानं थोडा उतरला असता, पण चार दिवसांनी बन्सीलाल ओसरीवर आला.

सत्तरीचा माणूस. बकऱ्यांमागे हिंडण्यात जन्म गेलेला. वर्षानुवर्षं ऐकायला कमी येत होतं, आणि ते त्यानं कधी कोणाला धड सांगितलं नव्हतं.

"पोरी," तो म्हणाला, "त्या दिवशी पहिले मले आवाज येऊ राहिला होता. भूं भूं. मले वाटलं, कुठी भजन हाये. मंग तो बंद झाला. मी म्हटलं, संपलं भजन. अन् बाभळीखाली आडवा झालो."

चारुलताच्या हातातली तार खाली पडली.

आवाज पुन्हा सुरू झाला होता, पण बारीकच. तिनं मोठा स्पीकर तोडला होता. वयानं माणसाचे कान आधी बारीक आवाज सोडतात, हे ती रोज गिऱ्हाइकांना सांगत असे. प्रमिलाबाईंची हाक ज्या पट्टीत गेली ती पट्टी बन्सीलालच्या कानात उरलीच नव्हती. सगळ्यांना शब्द मिळावेत म्हणून तिनं जी तार उपटली, तिनं या एका माणसाची नदी मुकी केली होती. तो झोपला होता. बेबाबाईनं मागं वळून पाहिलं नसतं तर तो झोपेतच गेला असता.

"मले उठोलं तिनं," बन्सीलाल म्हणाला. "नाही तर काही माहीत पडलं नसतं." तो हे भीतीनं म्हणत नव्हता. सहज सांगत होता. भीती सगळी तिच्या वाट्याला आली.

जळगावहून कंडेन्सर आला. तिनं पेटी पूर्ण उतरवून नव्यानं बांधली, जोड झाळले, दोन्ही वाटा नीट केल्या. मिरवणुकीला ती पेटी पुन्हा द्यायची नाही हे आबांनी ठरवून टाकलं. शिवाय तिनं पंचायतीकडून एक भोंग्याचा सायरन मागून घेतला, जाड आवाजाचा. आधी तो वाजणार, मग बोलणं.

आता दर सोमवारी सकाळी ती गच्चीवर चढते. समाधान शिडी धरतो. बन्सीलाल त्याच्या उरलेल्या दोन बकऱ्यांसह नदीच्या काठावर जाऊन बसतो, पाठ गावाकडे करून. तो तसाच बसला पाहिजे असा तिचा हट्ट आहे, कारण तोंड इकडे असलं तर तो नुसती तिची खूण बघून हात वर करेल. ती खूण करते, आबा बटण दाबतात, सायरन घुमतो.

मग ती वाट बघते. केळीच्या पानांवरून आवाज पलीकडे जातो. काठावरचा पांढरा ठिपका हलत नाही. एक क्षण, दोन क्षण. दर सोमवारी तिच्या छातीत तेच थंड पाणी चढतं. आणि मग, जरा उशिरा, त्याचा हात वर येतो.